इंग्रजीतील 'अ', 'अॅन', 'द' आणि त्यांची भावंडे

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही काहीतरी लिहावे असा आग्रह मंडळाच्या कार्यकर्त्यांनी धरला, तेव्हा आमची मोठी पंचाईत झाली. आम्ही लेखक नव्हे. बी. ए. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो, आणि गेली वीसेक वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांचे अर्ज, स्लिपा आणि पत्रे वाचत आलो. परंतु त्या कागदांनीच आम्हाला विषय दिला. अर्जातला मोठा इंग्रजी शब्द चुकला तर वाचणाऱ्याला तो चुकला हे लगेच कळते आणि तो समजून घेतो. चिमुकला शब्द चुकला तर कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि अर्थ मात्र भलताच होऊन बसतो.

मागच्या पावसाळ्यात आपल्याच समाजातील एक विद्यार्थिनी परदेशातील विद्यापीठाला पाठवायचा मजकूर घेऊन आमच्याकडे आली होती. मुलगी हुशार, शब्दसंग्रह आमच्यापेक्षा मोठा. घरची परिस्थिती सांगताना तिने लिहिले होते, 'माय फादर हॅज अ लिटल लँड.' आम्ही विचारले, "ताई, वडिलांना जमीन किती?" म्हणाली, "काका, नसल्यासारखीच. दीड एकर, तीही बरड." मग आम्ही तिला सांगितले की तुझ्या वाक्याचा अर्थ 'वडिलांकडे थोडीफार जमीन आहे, भागते' असा होतो. तुला म्हणायचे आहे ते 'हॅज लिटल लँड'. एक 'अ' खोडला आणि घरची खरी स्थिती कागदावर आली. पुढच्याच ओळीत, गावातून विज्ञान शाखेत पदवी घेणारी पहिली मुलगी आपणच, हे सांगताना तिने 'फर्स्ट गर्ल' असे नुसतेच लिहिले होते. तिथे 'द' हवा होता. पहिला, दुसरा, शेवटचा, एकमेव, सर्वांत मोठा असे म्हटले की ती वस्तू एकच ठरते, म्हणून 'द फर्स्ट', 'द लास्ट', 'दि ओन्ली', 'द बिगेस्ट'. ज्या शब्दावर तिचा अभिमान उभा होता, त्याच शब्दाआधीची जागा रिकामी होती.

या शब्दांना शाळेत आम्ही 'आर्टिकल' म्हणजे उपपद म्हणून शिकलो. आता पुस्तकांत 'डिटर्मिनर' असा मोठा गट दिलेला असतो. नामाच्या आधी बसून ते नाम कोणते, कोणाचे, किती हे ठरवून देणारे सगळे शब्द त्यात येतात : अ, अॅन, द, धिस, दॅट, माय, हिज, सम, एनी, फ्यू, लिटल, मच, मेनी, ईच, एव्हरी, बोथ, आयदर वगैरे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्याच्या घरी असे, त्याच्याकडे सगळी आळी जायची. 2000 सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले. तरीही आजची मुले 'आय अॅम स्टुडंट' असेच लिहितात. याचे कारण मुलांच्या आळसात नाही, ते आपल्या मराठीत आहे.

मराठीत उपपद नाही. पण म्हणून मराठी माणसाला 'अ' आणि 'द' यांतला फरक कळत नाही असे नव्हे. तो फरक आपण रोज बोलतो, फक्त वेगळ्या वाटेने. 'अंगणात गाय आहे' आणि 'गाय अंगणात आहे' ही दोन वाक्ये म्हणून पाहा. पहिल्यात कोणाची तरी, कोणती तरी गाय आहे. दुसऱ्यात गाय ठरलेली आहे, घरची आहे, तिला शोधत होते. इंग्रजीत पहिली गाय 'अ काउ', दुसरी 'द काउ'. शब्द तेच, आपण फक्त जागा बदलली. आणखी पाहा. 'आम्ही डॉक्टर शोधतोय' म्हणजे कोणीही चालेल. 'आम्ही डॉक्टरांना शोधतोय' म्हणजे ते ठरावीक डॉक्टर गेले कुठे. पहिल्याला 'अ डॉक्टर', दुसऱ्याला 'द डॉक्टर'. हे काम आपल्या 'ला' आणि 'ना' या प्रत्ययांनी केले. गोष्ट सांगताना आजी काय म्हणायची? एका गावात एक शेतकरी होता, त्या शेतकऱ्याला दोन बैल होते. पहिल्यांदा 'एक', नंतर 'तो'. इंग्रजीतही पहिल्यांदा 'अ फार्मर', आणि ओळख झाल्यावर 'द फार्मर'.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे असे की नियमांची यादी पाठ करण्याआधी मराठी वाक्य मनात म्हणावे आणि स्वतःला विचारावे : ऐकणाऱ्याला ही वस्तू कोणती ते ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर 'द'. ठाऊक नसेल आणि वस्तू एक असेल, मोजता येत असेल, तर 'अ' किंवा 'अॅन'. ठाऊक नसेल आणि वस्तू अनेक असतील, किंवा पाण्यासारखी न मोजता येणारी असेल, तर 'सम' किंवा काहीच नाही. आमच्या अनुभवाने दहापैकी आठ जागा एवढ्यावर सुटतात.

आता 'अ' की 'अॅन'. इंग्रजी स्वर पाच, त्यांच्या आधी 'अॅन', असे पाठ केलेले विद्यार्थी इथे हमखास फसतात, कारण नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आणि इथे आपली देवनागरी लिपी फार उपयोगी पडते. इंग्रजी शब्द जसा बोलला जातो तसा देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर स्वर आले तर 'अॅन', व्यंजन आले तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी' लिहिले की 'य' येतो, तो व्यंजन, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर' म्हणजे तास, 'ऑनेस्ट' म्हणजे प्रामाणिक. इंग्रजीत लिहिताना पुढे 'एच' असला तरी आपण स्वरानेच सुरुवात करतो, म्हणून 'अॅन अवर', 'अॅन ऑनेस्ट मॅन'. 'वन-वे तिकीट'मध्ये 'व', म्हणून 'अ'. इंग्रजांच्या मुलांना जे स्पेलिंग फसवते, ते आपल्याला फसवू शकत नाही. मात्र शब्द शिकलेल्या माणसाच्या तोंडचा लिहावा. आमच्याकडे 'इस्टेशन' म्हणतात म्हणून 'अॅन इस्टेशन' करू नये!

आद्याक्षरांनाही हीच कसोटी लावा. 'अॅन एस.टी. बस', कारण 'एस' स्वराने सुरू होतो. 'अॅन एल.आय.सी. एजंट', 'अॅन एम.ए.', पण 'अ बी.ए.'. 'अॅन एफ.डी.', 'अॅन आर.डी. अकाउंट', पण 'अ यू.पी.आय. पेमेंट'. आपल्या मुलांच्या अर्जांत नेहमी येणारी एक जोडी अशी : 'अॅन एस.सी. सर्टिफिकेट', पण तेच पूर्ण लिहिले की 'अ शेड्यूल्ड कास्ट सर्टिफिकेट'. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी 'अॅन एम.पी.एस.सी. कँडिडेट' आणि 'अ यू.पी.एस.सी. कँडिडेट' हे लक्षात ठेवावे. उच्चाराचा हाच नियम 'द'लाही आहे : व्यंजनाआधी 'द', स्वराआधी 'दि'. लिहिताना दोन्ही सारखे.

'द'चा एक वेगळा त्रास आहे तो गावाशहरांच्या आणि नद्यांच्या नावांचा. इथे मात्र थोडे पाठच करावे लागते. गाव, शहर, जिल्हा, राज्य यांना काही लागत नाही : बुलढाणा, खामगाव, महाराष्ट्र. एकट्या तळ्याला लागत नाही, म्हणून 'लोणार लेक'. परंतु नदीला लागतो : 'द पैनगंगा', 'द पूर्णा'. डोंगरांच्या रांगेला लागतो : 'द सातपुडा रेंज', पण एकट्या शिखराला नाही. देशांत 'इंडिया'ला नाही, पण राज्ये जोडून झालेल्या 'द यू.एस.ए.'ला आहे. असे का, याला सर्व ठिकाणी पटेल असे उत्तर नाही. त्या भाषेची ती रीत आहे.

शाळेची गंमत निराळी. विद्यार्थी शाळेत जातो तेव्हा 'गोज टू स्कूल', 'द' नाही, कारण तो इमारतीकडे नव्हे तर शिक्षणाला जातो. त्याच शाळेत पालक सभेला जातात तेव्हा 'गो टू द स्कूल'. तुरुंगाचेही तसेच : कैदी 'इन जेल', त्याला भेटायला गेलेला भाऊ 'अॅट द जेल'. बँकेला मात्र हा मान नाही. खातेदार असो की आम्ही, सगळे 'टू द बँक'च जातात.

आता 'फ्यू' आणि 'लिटल'. वर त्या मुलीची गोष्ट सांगितली, पण याच खड्ड्यात आम्ही स्वतः पडलेलो आहोत, म्हणून ती कबुलीही द्यावी. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शाखेतील खातेदारांकडून ओळखीची कागदपत्रे गोळा करायची होती. पहिल्या दोन दिवसांतच तीस-पस्तीस जण येऊन गेले, म्हणून आम्ही उत्साहाने वरिष्ठ कार्यालयास कळविले, 'फ्यू कस्टमर्स हॅव सबमिटेड द पेपर्स.' आम्हाला म्हणायचे होते की काही खातेदारांनी कागद दिले, सुरुवात चांगली आहे. वरिष्ठांनी वाचले की जवळजवळ कोणीच दिले नाहीत, आणि शाखेने काय केले याचा खुलासा मागितला. साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून जे सुनावले ते या स्मरणिकेत छापण्यासारखे नाही. 'फ्यू' म्हणजे 'नाहीतच म्हणा ना'. 'अ फ्यू' म्हणजे 'काही आहेत'. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क 'बरेच'. मराठीत हा फरक 'थोडेच' आणि 'थोडेसे' यांनी दाखवता येतो. 'च' ऐकू आला की 'अ' काढावा. मोजता येणाऱ्यांसाठी 'फ्यू', न मोजता येणाऱ्यांसाठी 'लिटल', एवढे जोडून घेतले की झाले.

मोजता येणे आणि न येणे यावर 'मेनी' आणि 'मच' यांचीही वाटणी आहे. आपले 'किती' दोन्हीकडे चालते, त्यामुळे गोंधळ होतो. रुपये मोजता येतात, म्हणून 'मेनी रुपीज'. पण पैसा, 'मनी', इंग्रजीच्या लेखी मोजता येत नाही, म्हणून 'मच मनी'! दिवसभर नोटा मोजणाऱ्या माणसाला हे पटायला जड गेले. 'इन्फर्मेशन', 'अॅडव्हाइस', 'फर्निचर', 'लगेज', 'न्यूज' हेही न मोजता येणारे, म्हणून यांच्या आधी 'अ' किंवा 'अॅन' नको आणि शेवटी 'स'ही नको. 'न्यूज'मधला शेवटचा आवाज त्याच्या नावातलाच. कापूसही तसाच. 'अ कॉटन' म्हणत नाहीत, 'अ क्विंटल ऑफ कॉटन' म्हणतात.

मराठी वळणाची आणखी एक चूक अर्जांत फार दिसते. 'माझा एक मित्र' याचे आपण 'वन माय फ्रेंड' करतो, 'हे माझे पुस्तक' याचे 'धिस माय बुक'. मराठीत दोन ठरवणारे शब्द शेजारी बसतात. इंग्रजीत नामाच्या पुढची ती जागा एस.टी.च्या आरक्षित आसनासारखी, एकाच प्रवाशाची. 'माय' बसला की 'अ', 'द', 'धिस' यांपैकी कोणालाही तिथे जागा नाही. दुसऱ्याने मागून यायचे : 'अ फ्रेंड ऑफ माइन', 'धिस बुक ऑफ माइन'. आणि 'वन ऑफ' म्हटले तर पुढे अनेकवचन आलेच पाहिजे, 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. अनेकांतला एक असल्याशिवाय 'पैकी' कसे म्हणणार?

सभासदांनी मात्र यापुढचा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण इथे व्याकरण सोडून पैशाचाच प्रश्न येतो. दोघांचे संयुक्त खाते काढताना फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे छापलेले असते. 'आयदर' म्हणजे दोघांपैकी कोणीही एक. नवरा-बायकोंपैकी कोणाच्याही एका सहीने पैसे निघतील, आणि एकाचे निधन झाल्यास हयात असलेल्याला मिळतील. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिले नाव ज्याचे, तो हयात असेपर्यंत त्याचीच सही. 'आयदर' फक्त दोघांत चालतो. तिघे असले की 'एनी वन'. संस्थांच्या ठरावांत 'एनी टू ऑफ द थ्री' असे लिहिले तर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार होतो. एका संस्थेच्या ठरावात 'आयदर'च्या जागी 'बोथ' पडले होते. 'बोथ' म्हणजे दोघेही. पुढे सचिव आजारी पडून नागपूरला दवाखान्यात राहिले आणि महिनाभर एकही चेक वटेना. मुलांच्या वह्यांचे पैसे खात्यात होते, पण काढता येईनात. ठराव नव्याने करून आणीपर्यंत शाळा सुरू होऊन गेली. ठराव लिहिणारे गृहस्थ आमच्यासमोर बसून म्हणाले, "साहेब, दोन्हीचा अर्थ 'दोघे'च ना?" काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही.

'ईच' आणि 'एव्हरी' यांचे थोडक्यात सांगतो. दोन्हींपुढे एकवचन : 'एव्हरी स्टुडंट इज', 'स्टुडंट्स आर' नव्हे. आपल्या 'प्रत्येक विद्यार्थी'मध्येही एकवचनच आहे, तेव्हा चुकण्याचे कारण नाही. 'ईच' दोघांनाही चालतो, 'एव्हरी'ला किमान तीन लागतात. बँकेतील ठेवींवर जे विमासंरक्षण असते, ते 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख रुपयांपर्यंत झाले. त्याआधी 1993 पासून ते एक लाख होते. ते 'ईच डिपॉझिटर', म्हणजे प्रत्येक ठेवीदारास आहे, प्रत्येक खात्यास नाही. एकाच बँकेच्या चार शाखांत एकाच नावाने चार ठेवी ठेवल्या तरी त्यांची बेरीजच धरतात. 'ईच'च्या पुढे कोणते नाम आहे हे न पाहिल्यामुळे आमच्याकडे अनेकजण निश्चिंत बसलेले असतात.

आपल्या घरातील कपाटाकडेही एकदा या नजरेने पाहावे. बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथांची नुसती नावे वाचली तरी या विषयाचा अर्धा अभ्यास होतो. 1936 सालच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावात 'कास्ट'च्या आधी 'अ' नाही, 'द' नाही, आणि अनेकवचनही नाही. 'अ कास्ट' म्हटले असते तर कोणत्या तरी एका जातीचा नाश झाला असता. 'द कास्ट' म्हटले असते तर 'कोणती?' असा प्रश्न आला असता. काहीच न लावल्यामुळे जात ही गोष्टच अभिप्रेत झाली. मराठीत आणताना 'जातिसंस्था' किंवा 'जातिप्रथा' असा शब्द जोडावा लागतो, तो यामुळेच. त्याच्या उलट 1923 सालच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये दोनदा 'द' आहे. तिथे 'द रुपी' म्हणजे खिशातला एखादा रुपया नव्हे, तर देशाचे चलन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये 'अ' आहे, कारण वाट पाहणाऱ्याच्या हाती ती परवानगी अजून आलेलीच नाही. 'द व्हिसा' म्हटले असते तर ती कुठेतरी तयार आहे असे वाटले असते. आणि 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या नावात दोन निर्धारक आहेत, 'द' आणि 'हिज'. बुद्ध हे जन्मनाव नाही, ती पदवी आहे, म्हणून 'द'. मराठी नाव 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. 'हिज'चे 'त्यांचा' झाले, पण 'द'ला मराठीत जागा नव्हती. आदराचे काम 'भगवान' या शब्दाने केले. संविधानाच्या उद्देशिकेतही 'पीपल' या शब्दाच्या आधी 'द' आहे. तो काढून वाक्य वाचून पाहा, भारतातील काही लोक एवढाच अर्थ उरेल.

एक गोष्ट राहिली. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हे शब्द गाळलेले दिसतात, आणि विद्यार्थी तेच खरे इंग्रजी समजतात. तिथे जागेची काटकसर असते. आमच्या लहानपणी तारेचे पैसे शब्दांवर पडत, त्यामुळे 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली' असेच लिहीत. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण तारेचे इंग्रजी आमच्या अर्जांतून अजून गेलेले नाही. अर्जात शब्दाला पैसे पडत नाहीत, तेव्हा 'द' लिहायला कंजुषी करू नये.

खाली एक उतारा देतो. रिकाम्या जागी योग्य शब्द घालावा. काही जागी काहीच घालायचे नाही, तिथे फुली मारावी.

'लोणार इज -- स्मॉल टाउन इन -- बुलढाणा डिस्ट्रिक्ट. -- टाउन हॅज -- सॉल्ट लेक. -- लेक लाइज इन -- क्रेटर मेड बाय -- मिटिऑराइट. देअर आर -- ओल्ड टेंपल्स अराउंड इट. लास्ट इयर -- फ्रेंड ऑफ माइन अँड आय वेंट देअर बाय -- बस. इट वॉज -- एस.टी. बस, अँड -- जर्नी टुक -- अवर.'

उत्तरे कागदावर लिहून रविवारी संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात आणावीत. आम्ही सात वाजता तिथे असतो. देवळांच्या आधीच्या जागेत एकाहून अधिक शब्द बसतात. 'फ्यू' लिहिणाऱ्याला आणि 'अ फ्यू' लिहिणाऱ्याला शेजारी बसवून, लोणारला देवळे किती पाहिली ते आम्ही दोघांनाही विचारणार आहोत.